बाहेरचं जग वाईट आहे, हे तिला कोणी सांगितलं?

"मॅडम, मोबाईल काढून घेऊ का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येणारे आईवडील मला आता नवीन नाहीत. कोणाचा मुलगा पैशाशिवाय दुसरं काही बोलत नाही, कोणाची मुलगी आरशासमोर उभी राहून रडते, कोणाला अठराव्या वर्षीच सगळी माणसं स्वार्थी वाटायला लागलेली असतात. घराघरांतली तक्रार वेगळी असली तरी आईवडिलांना पडलेलं कोडं एकच असतं. हे सगळं आमच्या पोरांच्या डोक्यात कोणी भरलं? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीची हकिकत त्यासाठी सांगते. तिची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी बारावी झालेली, अभ्यासात चांगली. लहानपणापासून नर्स व्हायचं म्हणायची. पणजीजवळ बांबोळीला नर्सिंगला जागा मिळाली, घरात पेढे वाटून झाले, आणि हॉस्टेलला जायचे दिवस जवळ आल्यावर तिने सांगितलं, "मी जाणार नाही." कारण विचारलं की गप्प. वडील होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतात. ते म्हणाले, "आमची बाय अशी नव्हती हो. या मोबाईलने घात केला."

माझ्यासमोर एकटी बसल्यावर ती थोड्या वेळाने बोलायला लागली, आणि मग थांबेना. टॅक्सीवाल्याने रस्ता बदलून नेलेली मुलगी, हॉस्टेलच्या न्हाणीघरात लपवलेला कॅमेरा, पाण्यातून दिलेलं गुंगीचं औषध, पांढरी व्हॅन. मुलीच्या ड्रेसचा रंग, घड्याळातली वेळ, सगळं तिला पाठ. कुठल्या गावातलं, कुठल्या वर्षातलं, हे मात्र एकाही घटनेबद्दल सांगता येईना. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कल्पना नाही बाहेर काय चाललंय."

"असं काही नसतं गं" असं आईवडील अशा वेळी चटकन म्हणतात. कृपा करून म्हणू नका. कारण असं घडतं, आणि हे त्या मुलीला माहीत असतं. तुम्ही नाही म्हटलंत की तिच्या लेखी तुम्ही या विषयातले अडाणी ठरता आणि तो मोबाईल जाणकार ठरतो. मी तिला एवढंच म्हटलं की तू जे बघतेस ते मलाही दाखव, आपण दोघी बघू.

तिने स्वतःहून फोन पुढे केला. वरचाच एक व्हिडिओ असा. रस्त्याच्या कडेला एक बाई मुलाचा हात धरून चालली आहे, मागून व्हॅन येते, दार उघडतं, मूल आत ओढलं जातं. वर मराठीत लिहिलेलं, 'म्हापसा, आज सकाळची घटना, सर्वांनी सावध राहा'. एक पुरुषी आवाज तेच पुन्हा सांगतोय. मी म्हटलं, व्हॅनकडे बघू नकोस, मागच्या बाकीच्या गाड्या बघ. दोनदा बघितलं तरी तिच्या लक्षात येईना, कारण नजर पुन्हा पुन्हा त्या मुलाकडे जात होती. तिसऱ्यांदा तिने स्क्रीनवर बोट ठेवून थांबवलं. "मॅडम, या गाड्या उजव्या बाजूने चालल्यात." मग दुकानांच्या पाट्या मोठ्या करून पाहिल्या. अक्षरं पुसट होती, पण देवनागरी नव्हती, रोमनही नव्हती. म्हापशाच्या बाजारात ती लहानपणापासून आईबरोबर गेलेली. हे म्हापसा नाही, हा देशच आपला नाही, हे तिचं तिलाच कळलं. आधी ती हसली आणि मग तिला राग आला. तो राग मला फार मोलाचा वाटला.

या गोष्टी किती जीवघेण्या ठरू शकतात ते महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाहिलं आहे. कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक जनजागृतीची चित्रफीत तयार केली होती. मोटारसायकलवरचे दोघे मुलाला उचलतात, आणि शेवटी परत आणून सोडतात, सावध राहा असा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेलं भारतभर फिरवलं. मुलं पळवणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा त्या वर्षी गावोगाव पसरल्या. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या भटक्या जमातीच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे घाबरलेल्या माणसांनीच मारलं?" हो, घाबरलेल्या माणसांनीच.

आता तिच्या फोनमध्ये असेच व्हिडिओ का साठले होते? ती ते आवडीने बघत नव्हती. पण भीती वाटली की माणूस शेवटपर्यंत बघतो, परत बघतो, मैत्रिणीला पाठवतो. फोनमधली यंत्रणा मोजते ती एवढंच, किती वेळ थांबलात, पुढे पाठवलंत का. घाबरून थांबलात की आवडून थांबलात, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे त्या मुलीला जितकी जास्त भीती वाटत गेली, तितकं तिच्यापुढे भीतीचंच पान वाढलं गेलं.

अमेरिकेत जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून टीव्हीवरच्या हिंसेचा पुढे वर्षानुवर्षे अभ्यास केला. टीव्ही बघून माणसं हिंसक होतात का, ही तेव्हा सर्वांची चिंता होती. गर्बनर यांनी लक्ष वेधलं ते दुसऱ्याच परिणामाकडे. खूप टीव्ही बघणारी माणसं घाबरट होतात. जगात प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त हिंसा आहे असं त्यांना वाटतं, इतरांवर त्यांचा विश्वास कमी होतो, आपल्यावरही हल्ला होईल असं ती धरून चालतात. तेव्हा टीव्ही हॉलमध्ये होता आणि रात्री बंद होत होता. आता तो उशाशी असतो.

इथपर्यंत वाचून वडिलांचंच म्हणणं खरं होतं, असं कोणाला वाटेल. पण मी तिला विचारलं, हे व्हिडिओ तुला पाठवतं कोण? तिने घरच्या माणसांचा ग्रुप उघडला. त्यातले कितीतरी वडिलांनी पाठवलेले होते. दुसरी शिफ्ट संपवून घरी आले की झोपण्यापूर्वी दोन-तीन पुढे ढकलायचे आणि खाली लिहायचे, 'काळजी घे गो बाय'. जेवताना टीव्हीवर खऱ्या गुन्ह्यांवरची मालिका चालू असायची, तीही वर्षानुवर्षे. फोन तिच्या हातात येण्याआधीच घरात या जगाची ओळख सुरू झाली होती. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तर मायेने पाठवत होतो." मायेनेच पाठवत होते, यात मला तिळमात्र शंका नाही. आपल्याकडे मुलींवरची माया बऱ्याचदा भीती घालूनच व्यक्त होते. सातच्या आत घरात, एकटी जाऊ नको, कोणाशी बोलू नको. या सूचना एका पिढीने दुसरीला दिल्या, त्या आता व्हिडिओच्या रूपाने येतात.

तरीही मला एक गोष्ट सुटत नव्हती. घरातल्या धाकट्या भावानेही तेच सगळं पाहिलं होतं, तो बिनधास्त होता. मुलगा असल्यामुळे असेल, पण तेवढंच नसावं. पुढच्या एका भेटीत ते बाहेर आलं. अकरावीत असताना साखळीच्या बसस्थानकापासून एक माणूस काही दिवस तिच्या मागे येत होता, बसमध्ये चिकटून उभा राहायचा. ओळखीचाच होता, गावातल्या लग्नाकार्यात दिसणारा. तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, "बाबांना सांगू नको, तुझं कॉलेज बंद करतील." आईचंही चुकीचं नव्हतं, तिने मुलीचं शिक्षण वाचवलं. पण त्या दिवसापासून त्या मुलीकडे भीती होती आणि ती बोलायला जागा नव्हती. रात्री ती फोनमध्ये तेच शोधायला लागली, माझ्यासारखं आणखी कोणाच्या बाबतीत झालंय का. फोनने तिला हजारो बायका दाखवल्या, पण त्यातून वाट एकही दाखवली नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. माध्यमं मुलांच्या मनात रिकाम्या जागी काही पेरत नाहीत. एखादी खरी जखम, खरा प्रश्न असतो, ज्याला घरात उत्तर मिळालेलं नसतं. तिथे ती जाऊन बसतात. म्हणून नुसता मोबाईल काढून घेतला की प्रश्न तसाच राहतो आणि मूल आणखी एकटं पडतं.

त्या अनुभवावर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. पाठलाग करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ त्यासाठीच आहे, हे तिला माहीत नव्हतं. बसमध्ये मोठ्याने बोलायचं, कंडक्टरला नाव घेऊन हाक मारायची, ११२ हा मदतीचा क्रमांक लावायचा, हे आम्ही माझ्या खोलीत उभं राहून करून बघितलं. पहिल्यांदा तिचा आवाजच फुटेना. आणखी एक गोष्ट तिला समजणं गरजेचं होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे दिसतं की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. व्हिडिओतला राक्षस अनोळखी असतो, दूरच्या शहरातला असतो. तिला ज्याने त्रास दिला तो गावातल्या मांडवात जेवायला बसणारा होता. म्हणजे गावात राहून ती सुरक्षित आणि बांबोळीला गेली की धोक्यात, हा हिशेबच चुकीचा होता. आईच्या मदतीने हे वडिलांपर्यंत गेलं. त्यांनी कॉलेज बंद केलं नाही. त्या माणसाच्या घरी ते स्वतः गेले.

एकदा आजी सोबत आली होती. बोलता बोलता धालोंचा, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याचा, विषय निघाला. पौषातल्या रात्री, जेवणं उरकून बायका मांडावर, म्हणजे त्यासाठीच्या ठरलेल्या मोकळ्या जागेत जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात आणि एकमेकींच्या कंबरेत हात घालून गात-वाकत नाचतात. आजीच्या लहानपणी वाडीवर वीज नव्हती. नात म्हणाली, "आणि भीती नाही वाटायची?" आजी म्हणाली, "काळोख होता गो, पण आमी सगळ्यो आशिल्ल्यो." म्हणजे, आम्ही सगळ्याजणी होतो. मुलीने धालो पाहिले होते ते स्पर्धेच्या रंगमंचावर, नऊवारी आणि दिव्यांच्या झगमगाटात. रात्र ही बायकांचीही असते, हे त्या मांडाने आजीला शिकवलं होतं. ते नातीपर्यंत पोचलंच नव्हतं. अर्थात जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. याच आजीची शाळा चौथीनंतर सुटली, आणि तिला त्याचं दुःख आजही आहे. नातीने जावं म्हणून घरात सर्वांत जास्त हट्ट तिनेच धरला.

पणजीबद्दलची तिची समजूत ऐकून मला वाईट वाटलं. पणजी म्हणजे कॅसिनो, दारू आणि रात्रभर रस्त्यावर फिरणारे पर्यटक. वाळपईहून बसने गाठता येणारं आपल्याच राज्याचं राजधानीचं शहर तिने बाहेरून चार दिवस येणाऱ्या लोकांच्या रील्समधून पाहिलं होतं. त्यांना जो गोवा हवा असतो तो ते दाखवतात, आणि आपली मुलं तोच खरा धरतात. किनाऱ्यापासून दूरच्या तालुक्यांत हे मला वारंवार दिसतं. मुलं एक तर त्या गोव्याला घाबरतात, नाहीतर तो आपल्या वाट्याला नाही म्हणून स्वतःच्या गावाला कमी लेखतात. मी तिला आईबरोबर पाटोला मध्यवर्ती ग्रंथालयात जायला सांगितलं. कदंब स्थानकावरून चालत जाता येतं. १८३२ पासूनची ही संस्था आहे, आणि तिथे सकाळपासून मुलं-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत बसलेली असतात. पहिल्यांदा ती आईबरोबर गेली, मग मैत्रिणीबरोबर, मग एकटी.

त्या वर्षीची नर्सिंगची जागा मात्र गेली. भीती अशी पंधरवड्यात जात नाही. तिने साखळीला सरकारी महाविद्यालयात वर्ष काढलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेतला. आता रात्रपाळी करते. भीती वाटते का विचारलं तर म्हणते, "वाटते, पण कशाची ते आता माहीत असतं." घरच्या ग्रुपवर वडिलांचे व्हिडिओ अजून येतात, पूर्वीपेक्षा बरेच कमी. ती खाली विचारते, 'कुठलं? कधीचं?'

मोबाईल काढून घेऊ का, याला माझं उत्तर आधी नाही असंच असतं. रात्री झोपायच्या खोलीत तो नको, हे मात्र सगळ्या घराला लागू, बाबांनाही. फोनबद्दल काही ठरवण्याआधी एकदा मुलाशेजारी बसा आणि "तुला काय काय दिसतं ते मला दाखव" म्हणा. बघताना उपदेश करू नका, फोन हिसकावू नका. त्याला कशाने राग येतो, कशाने रडू येतं, तिथे थांबा. बहुतेक वेळा मूळ गोष्ट तिथेच सापडते. मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कॉलेजला जाणं आठवडे-आठवडे बंद असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं ते बोलत असेल, तर थांबू नका. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेत दाखवता येतं, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे आईवडिलांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.