हॅच गळते म्हणून कडेने सिलिकोन भरण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की, दाभोळच्या खाडीत नांगरलेल्या आपल्या शिडाच्या बोटीच्या पुढच्या हॅचमधून, म्हणजे वरच्या तक्तपोशीतल्या काचेच्या झाकणाच्या झरोक्यातून, पाणी झिरपते आणि बिछान्याची उशाकडची बाजू भिजते. कडेने दोनदा सिलिकोन भरून झाले आहे, आणि पावसाळ्याला पंधरवडा उरल्यामुळे तिसऱ्यांदा भरण्यासाठी आपण दोन नळ्या आणून ठेवल्या आहेत. जयगडच्या खाडीत असलेल्या माझ्या बोटीवर मी नेमके हेच केले होते, आणि त्याची किंमत पुढे दोन वर्षे मोजत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झाकण नीट मिटते का, बिजागऱ्या ढिल्या आहेत का, झाकणाखालच्या रबरी पट्टीच्या, म्हणजे गॅस्केटच्या, खाचेत वाळू अडकली आहे का, हे सगळे आपण पाहिले असणारच. ते सोडून देतो.

माझी बोट फायबरग्लासची, २७ फुटी आणि वापरलेली घेतलेली आहे. अशा अनेक बोटींचा डेक, म्हणजे वरची तक्तपोशी, अखंड फायबरग्लासचा नसतो. वर आणि खाली पातळ थर असतात आणि मध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा असतो. हॅचच्या फ्रेमचे स्क्रू या गाभ्यातून आरपार जातात, त्यामुळे फ्रेमखालचे सीलंट (सांधा बुजवणारा लेप) वयोमानाने सुटले की पाणी स्क्रूच्या भोकांवाटे आधी गाभ्यात शिरते आणि मग वाट मिळेल तिथून खाली ठिबकते. मी हे लक्षात न घेता न्हाणीघराला लावतात ते सिलिकोन फ्रेमच्या बाहेरून जाडसर थापले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा आतल्या पट्टीच्या कडाही त्याच सिलिकोनने बुजवल्या. गळती थांबली आणि एक पूर्ण पावसाळा मी त्या कामावर खूश होतो. प्रत्यक्षात वरची एक बारीक फट तशीच राहिली होती, आणि खालची वाट मीच बंद केल्यामुळे आत आलेले पाणी गाभ्यातच मुरत होते. उशी भिजत होती तेव्हा निदान पाणी बाहेर तरी पडत होते.

पुढच्या मार्चमध्ये हॅचजवळ पाय ठेवताच डेक किंचित दबला. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकून पाहिले, तर इतरत्र टणटणीत असलेला आवाज तिथे पिकलेल्या फणसावर थाप मारल्यासारखा बद्द येत होता. पहिला स्क्रू काढताच भोकातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळले, आणि टोकाला लागून जो लगदा बाहेर आला तो खाडीत कुजत घातलेल्या सोडणासारखा दिसत होता आणि तसाच घाणत होता. हॅचभोवतीचा वीतभर रुंदीचा पट्टा वरून कापावा लागला, कुजलेला गाभा खरवडून नवा भरावा लागला, आणि तो संपूर्ण हंगाम बोट किनाऱ्यावर उभी राहिली. शिवाय त्या सिलिकोनमधून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाने फ्रेमच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकोन ॲल्युमिनियमजवळ नेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचा अंश मागे राहिला तर त्यावर पुढे दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही. तो पात्याने खरवडूनच काढावा लागतो.

म्हणून आधी पाणी कुठून येते ते नक्की करावे. आतली शोभेची पट्टी काढून टाकावी, म्हणजे पाण्याची वाट दिसते. फ्रेमच्या कडेला खडूची पूड लावून झाकण मिटावे आणि पुन्हा उघडावे. गॅस्केटवरील पांढरी रेघ जिथे तुटलेली असेल तिथे दाब पडत नाही. त्यानंतर एकाने आत बॅटरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने नळीचे पाणी हळूहळू सोडावे, तेही खालून वर: आधी फ्रेम आणि डेक यांचा सांधा, मग काच आणि फ्रेम यांचा सांधा, आणि शेवटी गॅस्केट. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे तरी थांबावे. एकदम वरून पाणी ओतले तर काहीच कळत नाही. थेंब फक्त मुठीपाशी येत असतील तर मुठीच्या दांड्यावरची रबरी रिंग बदलून काम भागते. पाऊस नसताना थंडीतल्या पहाटे थेंब दिसत असतील तर ती गळती नव्हे, आतल्या दमट हवेचे ते पाणी आहे.

काचेचा सांधा गळत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही काच म्हणजे ॲक्रिलिक, आणि ते उष्णतेने ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. अर्ध्या मीटरच्या काचेत रात्र आणि मे महिन्यातली दुपार यांच्या ४० अंशांच्या फरकाने दोहोंत जवळजवळ एक मिलिमीटरचे अंतर पडते. त्यामुळे कडेने तीनेक मिलिमीटर फट ठेवून ती इमारतींच्या दर्शनी काचा बसवताना वापरतात त्या न्यूट्रल, म्हणजे आंबट वास नसलेल्या, सिलिकोनने भरावी. पॉलिसल्फाइड हे दुसऱ्या जातीचे सीलंट ॲक्रिलिकला लागू देऊ नये, आणि ॲसिटोन किंवा थिनरने काच पुसू नये; तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. फ्रेमखाली मात्र मला ब्यूटाइल टेप (कायम मऊ राहणारी चिकट रबरी पट्टी) सर्वांत भरवशाची वाटते. फ्रेम काढलीच आहे तर प्रत्येक भोक मोठे करून, आतला गाभा थोडा कोरून, तिथे घट्ट केलेले इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारी राळ) भरावे आणि ते वाळल्यावर त्यातच नवे भोक पाडावे, म्हणजे पुन्हा सीलंट सुटले तरी पाण्याचा लाकडाशी संबंध येत नाही.

गॅस्केट बदलायचे ठरले तर ते ताणून बसवू नये. किंचित लांब कापून दाबत बसवावे आणि सांधा कोपऱ्यात न घेता सरळ बाजूच्या मध्यावर घ्यावा. बाहेरदेशातून मागवणार असाल तर फार आधी मागवा. ही वस्तू बोटीचा भाग की नुसते रबर, यावर एका कार्यालयाने माझे पार्सल सात आठवडे अडवून धरले. दर वेळी नवा कागद मागितला, आणि गॅस्केट हाती आले तेव्हा जून अर्धा सरला होता. त्या कार्यालयाविषयी याहून अधिक लिहिले तर भाषा बिघडेल.

मी बोटी बांधणारा नाही, आणि लाकडी किंवा लोखंडी डेकचा मला अनुभव नाही, तेव्हा हे सर्व फायबरग्लासपुरतेच समजावे. परंतु आपल्या जागी मी असतो तर आता फ्रेमला हात लावला नसता. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या दमट हवेत गाभा वाळत नाही आणि इपॉक्सीही मनासारखे धरत नाही. मच्छीमारांच्या यांत्रिक होड्या १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदीमुळे किनाऱ्यावर येतातच. जागा मिळाली तर त्यांच्यासोबत आपलीही ओढून घ्यावी. हॅचवर उतरती ताडपत्री बांधावी, दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात, आणि आतल्या कडेला सिलिकोन लावले असेल तर ते आजच खरवडून काढावे. उशी भिजली तर भिजू द्यावी. फ्रेम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत उतरवावी. आणलेल्या दोन नळ्या न्हाणीघरासाठी ठेवाव्यात. तिथे त्या उत्तम चालतात.