वाचनाचं वेड आहे, मग कादंबरी शंभराव्या पानावर का अडते?

तुम्ही विचारलंय की लहानपणापासून भरपूर वाचता, कादंबरी उत्साहानं सुरू केली, पण शंभरेक पानांनंतर पुढे काही सुचत नाही, तर प्रतिभा कमी पडते का?

प्रतिभेला इतक्यात मधे आणू नका. पहिली शंभर पानं माणसांची, घराची, जुन्या भांडणांची ओळख करून देण्यात निघून जातात. ओळख संपली की पात्राला काहीतरी हवं असावं लागतं, आणि ते सहज मिळता कामा नये. अडलेल्या खर्ड्यांत नायकाला बहुधा दुःख असतं, हवं मात्र काहीच नसतं. दुःखी माणूस खिडकीत बसून राहतो. ज्याला आजच्या आज घराचे कागद हवे आहेत तो उठतो, दार वाजवतो, वेळ पडली तर खोटं बोलतो.

आठवडाभर नवीन लिहू नका. झालेल्या प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करा आणि त्यावर तीन ओळी लिहा: कोणाला काय हवंय, आड काय येतंय, प्रसंग संपताना काय बदललं. शंभर पानांची साधारण २५-३० कार्डं होतील. जिथे लागोपाठ तीन कार्डांवर तिसरी ओळ कोरी राहते, कादंबरी तिथेच थांबलेली असते. तुमच्या ते शंभराव्या पानावर लक्षात आलं, इतकंच. असे प्रसंग लगेच फाडू नका. नुसती माहिती देणारा प्रसंग शेजारच्या भांडणाच्या प्रसंगात मिसळून बघा. दोन्ही सुधारतात.

आता वाचनाबद्दल. आवडतं पुस्तक वाचताना आपण त्यात इतके बुडतो की ते बांधलंय कसं हे दिसतच नाही. म्हणून जवळजवळ पाठ झालेलं एखादं प्रकरण निवडा आणि रोज दोन पानं हातानं उतरवून काढा. हात डोळ्यापेक्षा सावकाश चालतो, त्यामुळे वाक्य कुठे तोडलंय, वर्णन कुठे थांबवलंय हे कळायला लागतं. समासात पेन्सिलीनं लिहा, या परिच्छेदात किती वेळ गेला. एका दुपारीला सहा पानं आणि पुढच्या तीन वर्षांना एक ओळ, असं प्रमाण सापडेल. नवा लेखक उठण्याला, आवरण्याला आणि आयुष्य बदलणाऱ्या भेटीला सारखीच जागा देतो. माझ्या मते रटाळपणाचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

संवादांचंही असंच. वडील घड्याळ उघडून बसलेत, मुलगा दारात उभा आहे.

‘घराचे कागद कुठे आहेत?’

‘तो बारीक स्क्रू ड्रायव्हर दे.’

इथे ‘वडिलांना राग आला होता’ असं लिहिलंत की प्रसंग तिथेच मेला. प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही तोवर वाचक पान सोडत नाही. तुमच्या खर्ड्यातली सरळ उत्तरं अधोरेखित करा. त्यातली निम्मी तरी काढता येतील.

पुन्हा लिहायला लागलात की रोज ४०० शब्द पुरे. १५० दिवसांत ६०,००० होतात, म्हणजे छापील अडीचशे पानांच्या आसपास. त्या दिवसाचं लेखन प्रसंगाच्या मध्यावर, पुढचं वाक्य ठाऊक असताना थांबवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झुंज नको. मागची प्रकरणं सुधारत बसलात तर पहिलं प्रकरण दहादा होईल आणि शेवटचं एकदाही नाही. चुका वहीत टिपून पुढे चला.

खर्डा पूर्ण झाला की सहा आठवडे बंद करून ठेवा, मग मोठ्यानं वाचा. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं अक्षरशः ओरडून तपासायचा. ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीला त्यानं १८५१ ते १८५६ अशी सुमारे पाच वर्षं दिली. जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक वेळा एकाच वाक्यात दोन वाक्यं कोंबलेली असतात.

उतरवून काढण्यात एक धोका आहे. त्या लेखकाची लय काही दिवस तुमच्या वाक्यांत शिरते. म्हणून स्वतःचं लेखन सकाळी करा आणि उतरवणं रात्रीवर ठेवा.