वाचक विचारतात : आपत्तीच्या काळातील परिचारिका

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. भूकंप किंवा महापुराच्या वेळी परिचारिकेचे काम डॉक्टरांच्या सूचना पाळण्यापुरतेच असते का? जखमींची वर्गवारी करताना अत्यवस्थ रुग्णाला मागे ठेवतात, हे खरे आहे का?

उत्तर : सूचना पाळण्याचा भाग अशा वेळी फार थोडा उरतो, कारण सूचना देणारे डॉक्टर शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात आणि दाराशी रुग्णांची रीघ लागलेली असते. जखमींची पहिली वर्गवारी, म्हणजे ट्रायाज, अनेक ठिकाणी प्रशिक्षित परिचारिकाच करते. १९८०च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या ‘स्टार्ट’ या प्रचलित पद्धतीत एका रुग्णासाठी जेमतेम एक मिनिट मिळते. जो चालू शकतो त्याला हिरवी पट्टी मिळते. श्वास मिनिटाला ३०हून जास्त, मनगटाची नाडी लागत नाही किंवा ‘माझा हात दाबा’ एवढी साधी सूचनाही पाळता येत नाही, यांपैकी काहीही आढळले तर लाल पट्टी; उरलेल्यांना पिवळी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास सुरू होत नसेल, तर काळी. त्यामुळे अत्यवस्थ रुग्णाला मागे ठेवतात असे म्हणणे बरोबर नाही. लाल पट्टीचा रुग्ण सर्वांत आधी आत जातो. मागे राहतो तो, ज्याला त्या घडीला हाताशी असलेल्या साधनांनी वाचवता येणार नाही. हा निर्णय घेणाऱ्याच्या मनावर त्याचा भार राहतो, आणि त्याविषयी नंतर बोलण्याची सोय बहुतेक रुग्णालयांत अजूनही पुरेशी नसते.

माझ्या मते खरा कस लागतो तो त्यानंतर. पट्टी एकदा बांधली म्हणजे काम संपत नाही. हिरव्या पट्टीचा, चालता-बोलता माणूस पोटातील रक्तस्रावाने काही वेळात कोसळू शकतो. त्याची नाडी जलद होत आहे, तळहात गार पडत आहेत, हे सर्वांत आधी फेरी मारणाऱ्या परिचारिकेच्याच लक्षात येते. ढिगाऱ्याखालून काढलेल्या रुग्णाची लघवी गडद तपकिरी दिसली, तर चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे धोक्यात आली असण्याची शक्यता असते. ते वेळीच कळवले तर उपचाराला अवधी मिळतो. शिवाय जखमींच्या गर्दीत जखम नसलेले रुग्णही असतात. इन्शुलिन वाहून गेलेले, डायलिसिस चुकलेले, दिवस भरत आलेल्या बाया यांची नोंद निवारा शिबिरात कोणी आवर्जून केली नाही, तर आपत्ती ओसरल्यावरही माणसे दगावत राहतात.

प्रश्न : साथीच्या काळात हे काम कशा प्रकारे बदलते?

उत्तर : क्रिमियन युद्धात फ्लोरेन्स नाइटिंगेल १८५४ साली ३८ स्त्रियांसह स्कुटारीच्या (आजच्या इस्तंबूलमधील) ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, हगवण आणि टायफसने अधिक संख्येने मरत होते. त्यांची दिवा घेतलेली प्रतिमाच लोकांच्या लक्षात राहिली. पण पुढे १८५८ मध्ये त्यांनी मृत्यूंची आकडेवारी आकृतीतून मांडली, ते काम मला अधिक मोलाचे वाटते. साथीतील परिचारिका आजही शुश्रूषेबरोबर मोजदाद करते : कोणत्या वस्तीत जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले, कोण कोणाच्या संपर्कात आले. इबोलामध्ये संपर्कातील व्यक्तीवर २१ दिवस लक्ष ठेवावे लागते, आणि ती व्यक्ती रोज दार उघडील इतका विश्वास मिळवणे हे त्यातले सर्वांत अवघड काम.

स्वतःला जपण्याचाही प्रश्न आहेच. पीपीई किट घालताना नव्हे, तर थकलेल्या हातांनी उतरवताना संसर्गाचा धोका अधिक असतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर हात निर्जंतुक करायचे आणि शेजारी उभ्या सहकाऱ्याने पायऱ्या मोठ्याने सांगायच्या, असा शिरस्ता आहे.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे. आपत्तीची बातमी कळताच थेट घटनास्थळी जावे का?

उत्तर : थेट जाऊ नये. नोंद नसलेल्या स्वयंसेवकाचीच राहण्या-जेवण्याची आणि सुरक्षिततेची जबाबदारी बचावपथकावर पडते. आताच एखाद्या मान्यताप्राप्त पथकात नाव नोंदवा, नर्सिंगची नोंदणी चालू ठेवा, जीवरक्षणाचे प्रशिक्षण पुन्हा घ्या आणि सराव कवायतींना हजर राहा. प्रकृतीमुळे धावपळ झेपत नसेल, तर नातेवाइकांना माहिती देणे, औषधसाठ्याची नोंद ठेवणे किंवा लसीकरण केंद्र सांभाळणे ही कामे मागून घ्या. तिथे अनुभवी माणसांची नेहमीच वानवा असते.