आजोबा फोंड्याचे, वडील सोलापूरचे : नागरिकत्वासाठी कागद कोठे शोधावेत?

प्रश्न : माझे आजोबा १९३१ साली गोव्यात फोंडा तालुक्यात जन्मले आणि रेल्वेच्या नोकरीसाठी सोलापुरास आले. १९५५ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि १९५७ मध्ये माझ्या वडिलांचा जन्म झाला. आजी-आजोबा आता नाहीत. वडील हयात आहेत. आजोबांच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व मागायचे आहे, पण वडिलांचा जन्मदाखला मिळत नाही. एक मध्यस्थ तो ‘नव्याने काढून देतो’ म्हणतो. काढावा काय?
— एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर

उत्तर : इतक्यात काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा नागरिकत्वाचा हक्क पोर्तुगाल मानतो आणि तो मुलांकडे, नातवंडांकडे येऊ शकतो. मात्र आपल्यासारख्या प्रकरणात मधली पिढी ओलांडून जाता येत नाही. आजोबांचा जन्म, त्यांचा विवाह, वडिलांचा जन्म आणि मग आपला, अशा क्रमाने लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदी चढतात. त्यातही मुलगा सज्ञान होण्यापूर्वीच पितृत्व कायद्याने प्रस्थापित झालेले असावे, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडच्या जन्मदाखल्यावर जन्मतारखेबरोबर नोंदणीचा दिनांकही छापलेला असतो, आणि १९५७ च्या जन्मापुढे या वर्षीचा नोंदणी दिनांक दिसला की तपासणारा अधिकारी थबकणारच.

म्हणून आधी त्या काळची नोंद शोधावी. सोलापूर महानगरपालिका १९६४ ची. तेव्हा आपल्याला नगरपालिकेच्या काळातील वही पाहायची आहे, आणि संगणकावर नाव सापडत नाही एवढ्यावरून ती नोंद नाही असे मानू नये. शोधाच्या अर्जात १९५६ ते १९५८ ही तिन्ही वर्षे लिहावीत. बाळाचे नाव ठेवण्यापूर्वीच नोंद झालेली असेल, तर नावाचा रकाना कोरा राहून केवळ ‘मुलगा’ आणि बापाचे नाव एवढेच आढळते. त्यामुळे शोध वडिलांच्या नव्हे, आजोबांच्या नावाने घ्यावा. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. आजीचे माहेर बार्शी, मंगळवेढा किंवा अक्कलकोटकडच्या खेड्यात असेल, तर तेथील तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या गावचा गाव नमुना १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते, मागून पाहावे. सोबत वडिलांच्या प्राथमिक शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा आणि आजोबांच्या रेल्वेतील सेवापुस्तिकेची नक्कल मिळवावी. ती जन्मदाखल्याची जागा घेत नाहीत, पण बाप-लेकाचे नाते त्याच काळात लिहिले गेल्याचा पुरावा देतात. सर्व ठिकाणी शोधूनही नोंद मिळाली नाही, तर अनुपलब्धता प्रमाणपत्र घेऊन १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३(३) खाली विलंबित नोंदणीचा रीतसर अर्ज वडिलांनी स्वतः करावा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो आदेश जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी देतात.

विवाहाचा कागद अधिक अवघड आहे. मुंबई विवाह नोंदणी कायदा १९५३ चा असल्याने नोंद झालीच नसेल असे गृहीत धरू नये, तीही शोधावी. ती नसेल, तर पती-पत्नी दोघेही हयात नसताना आज नवी नोंदणी करता येणार नाही, आणि दिवाणी न्यायालयातून घोषणा मिळवता येईल का, हे वकिलाला विचारावे लागेल. आजीचे नाव सासरी बदलले असल्यास माहेरच्या आणि सासरच्या नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्रही लागेल.

त्या मानाने गोव्याची बाजू सोपी आहे. आजोबांची जन्मनोंद फोंड्याच्या नागरी निबंधक कार्यालयात मागावी. फार जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात पाहाव्यात. नोंद पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेली असेल. तेथे ‘नाईक’ आणि सोलापुरात गावावरून पडलेले ‘-कर’ आडनाव असे निघाले, तर अर्जापूर्वीच ती तफावत कागदोपत्री जुळवून घ्यावी. महाराष्ट्रातील दाखल्यांवर राज्य शासनाचे साक्षांकन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणन) आणि पोर्तुगीज भाषांतर लागते. पोर्तुगालचा कायदा वारंवार बदलत आला आहे. त्यामुळे त्या दिवशी लागू असलेले नियम पणजीच्या पोर्तुगीज महावाणिज्य दूतावासाकडून पडताळून मगच खर्च करावा. मध्यस्थाच्या हाती मूळ कागद देऊ नयेत.

शेवटी, हे सारे वडिलांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो, आणि पुढे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळाले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही, फक्त वारसाने येऊ शकते. हा परिणाम आपल्याआधी त्यांच्यावर होणार आहे, कारण आपल्या नोंदीपूर्वी त्यांची नोंद व्हावी लागते.