रोडग्यांच्या पंगतीत ‘लीळाचरित्र’

प्रश्न : वावरातल्या रोडग्यांच्या (निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या) जेवणाला आम्ही १५ जण जमतो. तिथं ‘लीळाचरित्र’ वाचावं म्हणतो. जुनी मराठी ऐकून कळेल का?
— एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : कळेल, आणि जरूर वाचा. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा हा ग्रंथ म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास तुमच्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला सिद्ध केला. बहुतेक लीळा, म्हणजे स्वामींचे प्रसंग, छोट्या, म्हणून पंगतीला चालतात. शब्दार्थ असलेली प्रत घ्या. वाचणारे दोघं ठेवा: एकाकडे निवेदन, दुसऱ्याकडे फक्त चक्रधरस्वामींचं बोलणं. ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ (सर्वज्ञ म्हणजे स्वामीच) आलं की आवाज बदलायचा. एकट्यानं सपाट सुरात वाचलं, की कोण बोलतंय तेच हरवतं. अवघड शब्द आधीच सांगून टाका. मध्ये थांबलात की गप्पा सुरू झाल्याच.

वेळ मात्र रोडगेच ठरवतात. ३ किलो जाडसर कणीक पुरे. गोवऱ्या पेटत्या असताना रोडगे टाकले तर वरून करपतात, आत कच्चे राहतात. निखारे झाल्यावर पुरले की साधारण पाऊण तास हाती असतो. मोठं वाचन तेव्हाच उरका. पंगतीत वरण, वांग्याची भाजी वाढून झाल्यावर एकच छोटी लीळा. वाचणाऱ्या दोघांची ताटं मागून लावा.