मध्ययुगाच्या शेवटी युरोपातल्या सरदार घराण्यांतली मुलं बिशप कशी व्हायची? त्यांना धर्माचं किंवा कामाचं काही पडलेलं असायचं का?

प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं एकदा चांगलंच वाजलंय, म्हणून लिहितोय.

कसे व्हायचे ते सोपं आहे. जहागिरीचे तुकडे किती करणार, म्हणून एखाद्या मुलाला लहानपणीच कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, चॅप्टरमध्ये (तिथल्या पाद्र्यांच्या मंडळात) चिकटवायचे, तिथे आईबापाकडचे पूर्वज खानदानी आहेत हे दाखवावं लागायचं, आणि जर्मनीत हेच चॅप्टर बिशप निवडायचं. म्हणजे निवडणूक घरातल्या घरातच.

पण म्हणून सगळे ऐतखाऊ? अजिबात नाही. लेकीकडे जर्मनीला गेलो होतो तेव्हा दादा-वहिनी पण सोबत होते. वुर्झबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये रुडॉल्फ फॉन शेरेनबर्ग या बिशपचं स्मारक आहे, लालसर संगमरवराचं, रीमेनश्नायडरने कोरलेलं. हातात तलवार पण आणि धर्मदंड पण, कारण तो बिशप तसाच राजाही. आणि चेहरा! गाल आत गेलेले, सुरकुत्या जशाच्या तशा, शिल्पकाराने एक वर्ष कमी केलेलं नाही. मी बघतच राहिलो, तर दादा मागून म्हणाला, "आयुष्यभर बसून खाल्लं असेल याने."

मला ते लागलं. हा माणूस 1466 साली निवडून आला तेव्हा पासष्टीचा होता, आधीच्या बिशपांनी लढायांपायी राज्य कर्जात बुडवलेलं, गावं-किल्ले गहाण पडलेले. याने 1495 ला मरेपर्यंत, म्हणजे 29 वर्षं, ती कर्जं फेडली, गहाण पडलेलं सोडवलं, वर शहरात छापखाना आणला आणि 1479 ला प्रार्थनेचं पुस्तक छापून घेतलं. दुसऱ्याने केलेलं कर्ज फेडणं काय असतं ते मला विचारा. अण्णा गेले तेव्हा सोसायटीचं कर्ज होतं, विहिरीचं वेगळं होतं, मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून 11 वर्षं पगारातून हप्ते भरले, बायकोचं मंगळसूत्र दोनदा गहाण ठेवलं. आणि दादा अजून चारचौघांत म्हणतो, शेत मी राखलं, हा नुसता शहरात बसून होता. शेत त्याने राखलं हे खरंच आहे, पण हप्ते थकले असते तर राखायला शेत उरलं असतं का? तिथेच, त्या थंडगार चर्चमध्ये, हे सगळं मी त्याला बोलून दाखवलं. तो काही न बोलता बाहेर गेला.

आता हेही सांगायला हवं की शेरेनबर्ग संत वगैरे नव्हता. 1476 ला निकलासहाउझेन गावात हान्स ब्योम नावाचा मेंढपाळ सांगायला लागला की मला मेरीमाता दिसली, जंगल-पाणी सगळ्यांचं आहे, पाद्र्यांना कर देऊ नका. हजारो लोक त्याच्याकडे लोटले. बिशपने रात्री घोडेस्वार पाठवून त्याला उचललं, हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन त्याला सोडवायला किल्ल्याखाली आली तर त्यांच्यावर तोफा डागल्या, आणि 19 जुलैला त्याला जिवंत जाळलं. लेकीने हे संध्याकाळी वाचून दाखवलं तेव्हा दादा एवढंच म्हणाला, "बघ, पाणी मागितलं म्हणून जाळला." तिथे दादा बरोबर होता आणि मी त्याला लगेच तसं सांगितलं. हप्त्यांचं मात्र त्याने अजून कबूल केलेलं नाही.