सवारीच्या घोड्याला प्रतिकारशक्तीसाठी लसूण, अश्वगंधा द्यावी का?

तुम्ही विचारलंय की माथेरानला पर्यटक फिरवणाऱ्या घोड्याला सारखी सर्दी होते, तर रोज मूठभर लसूण घालावा का. लसणाबाबत आधी थांबा. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठात सुका लसूण घोड्यांना हवा तेवढा खाऊ दिला, तेव्हा रोज वजनाच्या किलोमागे ०.२ ग्रॅमहून जास्त खाणाऱ्यांच्या तांबड्या पेशी फुटून रक्त कमी झालं. आजवर दिला असेल तर आत्ता ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असायला हवी. फिकट किंवा पिवळसर दिसली, लघवी गडद झाली, तर लसूण बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा.

एकिनेशिया या परदेशी औषधी वनस्पतीच्या अर्काचा निकाल बरा आहे. त्याच विद्यापीठाच्या २००२च्या अभ्यासात पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची ताकद वाढली होती. पण घोडे जेमतेम आठ आणि तेही निरोगी, म्हणून मी त्यावर फार भरवसा ठेवणार नाही. अश्वगंधेचं नाव घोड्यावरून आलंय, एवढ्यावरून ती घोड्याला मानवते असं धरू नका.

खरा फरक साध्या गोष्टींनी पडतो. धनुर्वाताची लस चुकवू नका. धुळकट गवत भिजवून द्या. टेम्पोतून नेताना मान उंच बांधू नका. डोकं खाली करता आलं नाही की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि न्यूमोनिया होऊ शकतो. चंदीबरोबर विश्रांतीचा दिवसही द्या.

स्पर्धेचा घोडा असेल तर मिरची असलेलं कुठलंही मिश्रण नको, कॅप्सायसिनवर, म्हणजे मिरचीतल्या तिखट घटकावर, बंदी आहे.